‘ब्लू मर्डर’ (१९८९): गाणाराही तोच, वाजवणाराही तोच

मी लग्नाच्या आणि गणपतीच्या कार्यक्रमांत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. गायकाच्या दोन ओळींमध्ये जी फट राहते ती भरायची, अंतऱ्याआधीचा पीस वाजवायचा, आणि गायक श्वास कुठे घेणार याच्याकडे कान लावून बसायचं. त्यामुळे एकच माणूस गातोय आणि तोच वाजवतोय असं काही कानावर आलं की मी आधी त्या फटी ऐकतो. ब्रिटिश रॉक गिटारवादक जॉन साइक्सच्या ‘ब्लू मर्डर’ या अल्बममधल्या फटी ऐकत राहाव्यात अशा आहेत.

साइक्स डिसेंबर २०२४ मध्ये कर्करोगाने गेला, ६५ वर्षांचा होता. त्याचं नाव निघालं की लोक दोनच बँडचं बोलतात, थिन लिझी आणि व्हाइटस्नेक. साहजिक आहे. थिन लिझीच्या १९८३ च्या ‘थंडर अँड लायटनिंग’ला जी धार आहे त्यात त्याचा वाटा मोठा. व्हाइटस्नेकच्या १९८७ च्या अल्बममधली बरीचशी गाणी त्याने बँडचा गायक डेव्हिड कव्हरडेलबरोबर रचली. पण तो अल्बम बाजारात येईपर्यंत साइक्स बँडच्या बाहेर होता. अल्बम अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला आणि व्हिडिओत गिटार घेऊन भलतेच लोक उभे राहिले. आपल्याकडे केबलवर त्यातलं ‘इज धिस लव्ह’ बघून ज्यांनी गिटार हातात घेतली, त्यांना हे माहीतच नव्हतं. पडद्यावर दिसणारे हात दुसऱ्याचे, सोलो (गाण्यामधला एकट्या गिटारचा तुकडा) साइक्सचा!

मग त्याने स्वतःचा बँड बांधला, त्याचंही नाव ‘ब्लू मर्डर’. ड्रमवर कार्माइन अपिस, बास गिटारवर टोनी फ्रँकलिन. गायक म्हणून रे गिलन काही काळ होता, पण तो निघून गेला आणि शेवटी साइक्स स्वतःच माइकसमोर उभा राहिला. बॉब रॉकने व्हँकुव्हरमध्ये रेकॉर्डिंग केलं आणि १९८९ मध्ये गेफेन कंपनीने ते बाजारात आणलं. अमेरिकेच्या यादीत ६९ व्या क्रमांकाच्या वर काही गेलं नाही. जाऊ दे.

‘व्हॅली ऑफ द किंग्ज’ हे जवळपास आठ मिनिटांचं गाणं. इजिप्तमधले फॅरो, त्यांची थडगी, राबणारे गुलाम असा सगळा मामला, आणि गीतलेखनात ब्लॅक सॅबथचा टोनी मार्टिनही आहे. इतका वेळ साइक्स वरच्या पट्टीत गातो, पण कुठे ओरडल्यासारखं वाटत नाही. ओळ संपते तिथे गिटार येते, आणि तीही गाते. त्याची खासियत म्हणजे तार ओढून स्वर गाठल्यावर तो आधी सरळ धरतो आणि मग हलवतो. ते हलवणं इतकं रुंद असतं की दुसऱ्या कुणी केलं तर बेसूर वाटावं. आता लक्ष देऊन ऐका: गळ्यातून निघालेला लांब स्वरही तो तसाच धरतो आणि तसाच हलवतो. ही सवय आधी बोटांना लागली की गळ्याला, देव जाणे. माझा अंदाज बोटांचा आहे.

फ्रँकलिनचा बास बिनपडद्याचा आहे, फ्रेटलेस. एका स्वरावरून दुसऱ्यावर तो घसरत जातो. हार्ड रॉकमध्ये बास सहसा ड्रमला बांधलेला असतो, इथे तो गायकाच्या मागेमागे फिरतो. ‘आउट ऑफ लव्ह’ या संथ गाण्यात तर गळा, गिटार आणि बास असे तिघे गाणारे आहेत. त्यातला सोलो म्हणजे शब्द संपल्यावर पुढे चालू राहिलेलं गाणंच आहे. मी हे गाणं हेडफोन लावून ऐकतो. मोबाइलच्या स्पीकरवर बास पार नाहीसा होतो आणि अर्धी मजा तिथेच जाते.

गिटारवाल्यांसाठी थोडं. साइक्सची गिटार म्हणजे ती १९७८ ची काळी लेस पॉल कस्टम, आरशासारख्या पिकगार्डची (तारांखालची पट्टी), आणि मागे मेसा बूगीचे कोलिसियम अँप. इफेक्ट प्रोसेसरवर तसा पॅच, म्हणजे तशा आवाजाची जुळणी, करायला जाल तर गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) वाढवत न्याल आणि भुंग्यासारखी नुसती गुणगुण तयार होईल. त्याच्याकडे आवाज भरलेला आहे, तरी प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. ते काम उजव्या हाताचं आहे, बटणाने होणारं नाही.

तक्रारीही आहेत. ‘सेक्स चाइल्ड’चे शब्द इतके पोरकट आहेत की घरात मोठ्या आवाजात लावायची सोय नाही. ड्रमवर त्या काळचा तो गुहेतला घुमारा आहे, तो आता जुना वाटतो. ‘ब्लॅक-हार्टेड वुमन’ ऐकताना व्हाइटस्नेकचं उरलंसुरलं कापड वापरलंय असं वाटतं, पण कापड त्याचंच होतं, त्यामुळे बोलायची सोय नाही.

पहिल्यांदाच ऐकणार असाल तर ‘बिली’ने सुरुवात करा. अल्बममधलं सगळ्यात छोटं गाणं आहे, चार मिनिटांच्या जरा वर. त्यात साइक्स शब्द जसे तालाच्या थोडे मागे टाकतो ती थिन लिझीचा गायक फिल लायनॉट याची ढब आहे, उघडउघड. आवडलं तर पुढे याच बँडचा १९९३ चा अल्बम ‘नथिंग बट ट्रबल’ घ्या. पण त्याआधी साइक्सचं १९८२ चं ‘प्लीज डोन्ट लीव्ह मी’ हे गाणं ऐका. त्यात लायनॉट गातो आणि साइक्स फक्त वाजवतो. दुसऱ्याच्या ओळींमधल्या फटी तो कशा भरायचा, ते तिथे कळतं.