वरचा जबडा काढल्यावर प्लेट बरी की फ्लॅप?

कॅन्सर असो किंवा २०२१ला कोविडनंतर आलेली ती काळी बुरशी, वरचा जबडा काढला की टाळूला भोक पडतं, नाक आणि तोंड एक होतं. बंद करायचे रस्ते दोन, एक ऑब्च्युरेटर म्हणजे भोक बुजवणारी काढता-घालता येणारी प्लेट, दुसरा फ्लॅप, म्हणजे पायाचं हाड नाहीतर मांडीचं-हाताचं मांस रक्तवाहिन्यांसकट आणून तिथं जोडायचं.

प्लेटमध्ये ऑपरेशन लहान, पहिली प्लेट तर ऑपरेशनच्या टेबलावरच बसवतात, मग काही महिने तात्पुरती आणि जखम आकसायची थांबली की पक्की. प्लेट काढून डॉक्टरांना आत बघता येतं, आजार परत आला तर लवकर दिसतो, हे मला फार मोठं वाटतं. कटकट आहे ती गळतीची. आमच्या आत्याला पेज चालायची, दाटसर असते ना, पण सोलकढी प्यायली की नाकातून गुलाबी थेंब, आणि प्लेट नसली की तिचं बोलणं फक्त घरच्यांनाच कळायचं. रोज काढून मऊ ब्रशने धुवायची, गरम पाणी अजिबात नको, वाकडी होते. सैल झाली तर दरवेळी नवी लागत नाही, आतून मटेरियल भरून परत फिट करतात.

फ्लॅपमध्ये हे रोजचं काढणं-घालणं नाही, पण कित्येक तासांचं ऑपरेशन, पायावर नाहीतर हातावर दुसरी जखम, आणि दात आपोआप येत नाहीत हे कोणी आधी सांगत नाही! नुसत्या मांसाचा फ्लॅप असेल तर तो हलतो, वर कवळी टिकत नाही, हाड असेल तर इम्प्लांटचं, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावायचं, बघता येतं.

पेशंट खूश कशावर असतात, तर प्लेट गळते का आणि बोलणं समजतं का यावर. भोक लहान आणि दात शिल्लक असतील तर मी प्लेटच म्हणेन, वय जास्त असेल तर नक्कीच. डोळ्याखालचं हाडही जाणार असेल किंवा वर एकही दात उरणार नसेल तर फ्लॅपचा विचार करा. रेडिएशन होणार असेल तर तेही धरा, तोंड सुकतं, कमी उघडतं, मग प्लेट आत घालणंच जड जातं.

गोव्यात बांबोळीला जीएमसी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज आणि डेंटल कॉलेज दोन्ही आहेत, तर कवळीवाल्या डॉक्टरांना ऑपरेशनआधीच दाखवा, माप तेव्हाच घ्यावं लागतं. आणि सर्जनला विचारा कुठला दात वाचेल, एक सुळा राहिला तरी प्लेटची तार अडकवायला जागा मिळते.