लॉनसाठी नळाचा टायमर: दोन घेतले, एक फुकट गेला

फोंड्याला घर आहे, पुढे साधारण ३० चौरस मीटर लॉन आहे, बफेलो ग्रास. पावसात काही करावं लागत नाही, पण एप्रिल आला की पिवळं पडायला सुरुवात. आधी मी संध्याकाळी ऑफिसातून आले की पाइप धरून उभी राहायचे, रोज दहा मिनिटं. दोन उन्हाळे असं केलं आणि दोन्ही वेळा गोल गोल करपलेले डाग आले. मग कळलं की आपल्याकडे रात्री हवा एवढी दमट असते की संध्याकाळी भिजलेलं गवत वाळतच नाही आणि बुरशी धरते, पाणी पहाटेच द्यायला हवं. पहाटे पाचला उठणार कोण? म्हणून टायमर, नळाला लावला की ठरल्या वेळी पाणी आपोआप सोडतो आणि बंद करतो.

पहिला ऑनलाइन घेतला, १८०० ला. दिसायला मस्त, पण पाणी यायचं ते थेंब थेंब, आणि एकदा तर वेळ संपल्यावर बंदच झाला नाही, सकाळी बघते तर टाकी रिकामी!! आई म्हणाली, माडाच्या आळ्यात घातलं असतंस तर नारळ तरी मिळाले असते. विकणाऱ्याने 'वापरलेला माल परत नाही' म्हणून हात वर केले. चूक थोडी माझीही, आत सोलेनॉइड व्हॉल्व, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणारी झडप होती आणि तिला प्रेशर लागतं. पाण्याची उंची दहा मीटर असेल तेव्हा कुठे एक बार प्रेशर मिळतं, आमची टाकी नळापासून जेमतेम सात मीटर वर. तर घेताना आधी हे विचारा, बॉल व्हॉल्व आहे का. तो मोटरवर फिरून उघडतो आणि मिटतो, टाकीच्या पाण्यावरही चालतो.

दुसरा तसलाच घेतला, २६०० पडले, दोन पेन्सिल सेलवर चालतो. मार्चपासून लावलाय, एकदाही दगा नाही. आपला नळ अर्ध्या इंचाचा, याची चुडी पाऊण इंचाची, पण जोड सोबत येतो, टेफलॉन टेप मात्र भरपूर गुंडाळा नाहीतर गळतो. पुढे टी लावून दोन छोटे फवारे जोडलेत. कमी प्रेशरमुळे ते आळसावल्यासारखे फिरतात, फिरतात पण.

आठवड्यातून तीन दिवस, पहाटे पाचला, ४० मिनिटं. पण सलग नाही हां! आमच्याकडे वर थोडी लाल माती आणि खाली जांभा, सलग सोडलं की पाणी गेटबाहेर वाहतं. म्हणून वीस मिनिटं, मग अर्धा तास बंद, मग परत वीस. हे सेटिंग यात आहे आणि खरं तर त्यासाठीच पैसे वसूल. लॉनला आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर असा साधा हिशोब असतो, तो बघायला आमटीच्या चार वाट्या लॉनवर ठेवून सकाळी फूटपट्टी घातली. तीन वाट्यांत १० ते १२ मिलिमीटर, कुंपणाजवळच्या वाटीत फक्त ५. तो कोपरा हाताने भिजवते. चालून गेल्यावर पावलांचे ठसे तसेच राहिले की समजायचं, तहान लागलीय.

तक्रार एकच, आतली जाळी. नळाला गढूळ पाणी आलं की ती लाल चिखलाने बुजते, पंधरा दिवसांनी काढून जुन्या टूथब्रशने घासावी लागते, आणि हे माहितीपत्रकात कुठेच लिहिलेलं नाही. टायमरवरचे आकडे पण एवढे बारीक की उन्हात चष्मा लावूनही दिसत नाहीत.

आणि टायमर घेतला म्हणजे झालं असं नाही. माळी उन्हाळ्यात गवताचं पार टक्कल करून जायचा, आता त्याला सांगितलंय तीन इंच ठेव, एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नको, आणि या उन्हात युरिया तर अजिबात नको, करपतं. मे अर्धा संपला, कुंपणाचा तो कोपरा सोडला तर हिरवं आहे.

पाचपैकी चार स्टार. मिरग लागला की सेल काढून खोक्यात ठेवणार, खोका जपून ठेवलाय.