मावशींच्या दुबई व्हिसाच्या नावाखाली १,७७,००० रुपये गेले. एजंटला पैसे देण्याआधी वाचा

आधी आकडा सांगते. एजंटने घेतले १,७७,००० रुपये. मावशींचं विमानाचं तिकीट १९,४०० चं, तेही बुडालं. एकूण १,९६,४००. मुलीचं आणि माझं तिकीट बदलायचा खर्च यात धरलेलाच नाही. हे लिहायला तीन महिने लागले, कारण लाज वाटत होती. अजूनही वाटते.

नवऱ्याची बदली दुबईला झाली. मावशी आमच्याकडे सहा वर्षं घरकामाला आहेत, मुलगी त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली. सोबत यायला त्या आपणहून तयार झाल्या आणि त्यासाठी बाकीची तीन घरं सोडली. एजंटचा नंबर ओळखीतून मिळाला. ओळखीतून मिळाला म्हणून मी एक कागद तपासला नाही. पुढचं तुम्हाला माहीत आहेच: चकचकीत ऑफिस, भिंतीवर व्हिसांचे फोटो, 'आज भरलं तर याच बॅचमध्ये बसवतो'.

फाइल उघडायचे २५,०००. 'कोट्या'चे ६५,०००. मेडिकल आणि एमिरेट्स आयडीचे (तिथल्या ओळखपत्राचे) ४८,५००. विम्याचे ६,५००. एमिग्रेशन क्लिअरन्सचे, म्हणजे परदेशी कामाला जायच्या सरकारी परवानगीचे, ३२,०००. विम्याचं तर ऐकाच. परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना आहे. दहा लाखांचं संरक्षण, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि वर कर. त्याचे आमच्याकडून साडेसहा हजार घेतले, आणि ती पॉलिसीही कधी निघालीच नाही.

आता ती रात्र. विमान रविवारचं, व्हिसाची पीडीएफ आली शुक्रवारी रात्री साडेदहाला. त्यावर 'टूरिस्ट' असं लिहिलेलं होतं. स्पॉन्सर म्हणून माझ्या नवऱ्याचं नाव हवं होतं, तिथे कुठल्याशा ट्रॅव्हल कंपनीचं नाव. मी लगेच फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, क्लिअरन्सला दीड महिना जाईल. आत्ता व्हिजिटवर काढू, तिकडे गेल्यावर स्टेटस बदलून देतो, सगळे असेच जातात. काउंटरवर विचारलं तर भाचीकडे फिरायला चाललेय म्हणायला सांगा."

ज्या क्लिअरन्सचे ३२,००० घेतले होते, तोच चुकवायला तो आम्हाला खोटं बोलायला सांगत होता. इतकं उघड होतं! आणि मी काय केलं? शनिवारी दुपारी स्वयंपाकघरात बसून ते वाक्य मावशींकडून पाठ करून घेतलं. त्यांनी विचारलंही, "ताई, खोटं कशाला बोलायचं?" मी म्हटलं, नुसती फॉर्मॅलिटी आहे. हे मला विसरता येत नाही.

माझी बाजूही सांगते. घर रिकामं करून दिलं होतं, सामान जहाजावर चढलं होतं, मुलीची शाळा सुरू होणार होती. तिथे परदेशी कुटुंबाला मदतनीस ठेवायला महिना २५,००० दिरहॅम उत्पन्न लागतं, तेवढं आमचं होतं. कायदा मोडायचा असता तर पावणेदोन लाख कशाला मोजले असते?

मुंबई विमानतळावर मावशींना काउंटरवर थांबवलं. त्यांचं शिक्षण सातवी, त्यामुळे पासपोर्ट ईसीआरचा, म्हणजे कामाला जाताना तो क्लिअरन्स लागणारा. अधिकाऱ्याने विचारलं, "भाचीचं नाव काय?" मावशी गप्प. मग म्हणाल्या, "मी ताईंकडे कामाला आहे." तिथेच ऑफलोड, म्हणजे विमानात चढूच दिलं नाही. आम्ही तिघी परत फिरलो. टॅक्सीत त्या मलाच विचारत होत्या, "माझ्याकडून काय चुकलं का?" मला मान वर करून बघवेना.

दहावी न झालेल्या माणसाला आखातासह १८ देशांत कामाला जायचं तर एमिग्रेशन क्लिअरन्स लागतोच. ईसीआर पासपोर्टवर घरकामाला जाणारी बाई तिशीच्या आतली असेल तर मिळतच नाही. मावशी ४४ च्या, म्हणून वयाचा प्रश्न नव्हता. पण अशा बायकांची घरकामासाठीची भरती सरकारी भरती संस्थांमार्फतच होते. म्हणजे हा खासगी एजंट ते काम कायदेशीरपणे करूच शकत नव्हता! आणि नोंदणी असलेल्या एजंटलाही कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि जीएसटी, यापलीकडे घेता येत नाही. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचं नाव आणि परवाना पाच मिनिटांत दिसतो. याचं नाव तिथे नव्हतंच. मी बघितलं, पण परत आल्यावर.

मावशी पोचल्या असत्या तर? व्हिजिट व्हिसावर घरकाम म्हणजे बेकायदा काम. दंडाची नोटीस नवऱ्याच्या नावाने आली असती आणि मावशी तिकडे अडकल्या असत्या.

सोमवारपासून एजंटचा फोन बंद. ऑफिसला कुलूप. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी अडीच तास बसवलं आणि सांगितलं, "हा पैशाचा व्यवहार आहे, दिवाणी दावा लावा." दुसऱ्यांदा गेले तर ऑफिस दुसऱ्या हद्दीत येतं म्हणाले. त्या हद्दीत गेले तर पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरकडे जा. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, तक्रार क्रमांक मिळाला. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत आणि खातं कधीच रिकामं झालंय. तुम्ही मात्र १९३० ला त्याच तासात लावा, माझ्यासारखं आठवड्याने नको. एका सरकारी कार्यालयात तर विचारलं, "टूरिस्ट लिहिलेलं दिसलं नाही का तुम्हाला?" दिसलं होतं हो! म्हणून चोराला मोकळं सोडायचं? पाच हेलपाटे, आणि प्रत्येक ठिकाणी तीच झेरॉक्स.

शेवटी एका वकीलबाईंनी सांगितलं ते कुठल्याच खिडकीवर कुणी सांगितलं नव्हतं. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यात नोंदणीशिवाय भरती करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. एरवी खटल्याला केंद्राची मंजुरी लागते, पण जाणाऱ्या व्यक्तीने स्वतः किंवा तिच्या जवळच्या नातलगाने तक्रार केली तर लागत नाही. मी मालकीण म्हणून माझ्या नावाने अर्ज करत बसले होते. अर्ज मावशींच्या नावाने हवा होता. पैसे माझ्या खात्यातून गेले, म्हणून फसवणुकीची तक्रार माझी वेगळी. दोन्ही द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

पावतीवर 'सल्ला शुल्क' लिहिलेलं दिसलं तर तिथेच थांबा. माझ्या पाचही पावत्यांवर तेच आहे. व्हिसा आधी हातात, तिकीट नंतर. मदतनिसाला खोटं पढवायला सांगणाऱ्याचा फोन कापा.

नवरा एकटा तिकडे आहे. मावशींना तीनपैकी एकच घर परत मिळालं. बाकीच्या दोन घरांचे पैसे मी देते, आणि त्या घ्यायला तयार नसतात. परवा त्या एजंटच्या नंबरवर नवा फोटो दिसला: 'हाउसमेड व्हिसा, १५ दिवसांत खात्रीने'. त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात गेले. "अर्जाला जोडून ठेवा," म्हणाले.