‘रीबिल्ट’ या एका शब्दावर विश्वास ठेवून घेतलेला व्हॅक्यूम क्लीनर

न्यू जर्सीत राहायला आल्यापासून जुनी, भक्कम घरगुती यंत्रे दुरुस्त करून वापरण्याची मला आवड लागली आणि त्या आवडीपायीच मागच्या हिवाळ्यात मी एका विक्रेत्याकडून इलेक्ट्रोलक्सचा जुना ‘ट्रिपल एक्स’ व्हॅक्यूम क्लीनर १४० डॉलरना घेतला. ल्युरेल गिल्ड या अमेरिकी डिझायनरने रूप दिलेले हे यंत्र १९३७ साली बाजारात आले. आडवे, लांबट, चाकांऐवजी पट्ट्यांवर घसरत जाणारे हे यंत्र आजही अनेकांना मोहात पाडते. विक्रेत्याने मोटर उघडून बेअरिंग आणि कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे) बदलल्याचे तोंडी सांगितले, पावतीवर मात्र ‘रीबिल्ट’, म्हणजे खोलून नव्याने बांधलेला, एवढा एकच शब्द लिहिला. काय काय बदलले, हे मी तिथेच लिहून मागायला हवे होते.

पंधरा दिवस यंत्र चालले. मग जळकट वास येऊ लागला, आवाज किरकिरा झाला आणि एके संध्याकाळी धातूच्या अंगाला हात लागताच बोटांना झिणझिण्या आल्या. त्या क्षणी मी प्लग काढला. शेजारी राहणाऱ्या काकांनी उमेदीची वर्षे पुण्यात मोटर रिवाइंडिंगच्या कामात घालवली आहेत. त्यांच्यासमोर मी ते यंत्र उघडले. आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, बाहेर काढताच ते म्हणाले, “अरे, ह्या मोटरला कोणी हातसुद्धा लावलेला नाही!”

कम्युटेटरवर, म्हणजे कार्बन जिथे घासतो त्या तांब्याच्या गोल भागावर, नखाला सहज जाणवेल इतका खोल चर पडला होता आणि तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटी काळ्या भुकटीने गच्च भरल्या होत्या. एक कार्बन झिजून अगदी लहान झाला होता. दुसरा भलत्याच मोटरचा असून तो कानशीने घासून खाचेत बसवलेला होता, त्यामुळे त्याचे टोक एका कडेलाच टेकत होते आणि ठिणग्या तिथूनच उडत होत्या. बेअरिंगमधले जुने ग्रीस घट्ट झाले होते, त्यावर बाहेरून पातळ तेल सोडलेले होते. असे तेल चार दिवस आवाज दाबते, म्हणूनच विकत घेताना मोटर गोड चालली. सर्वांत धोकादायक प्रकार वायरचा होता: बाहेर दिसणारा भाग नवा, पण आतल्या जोडापासून पुढची रबराची वायर इतकी सुकलेली होती की वाकवताच तिचे तुकडे पडले आणि उघडी तार धातूच्या अंगाला टेकत होती.

बाहेरच्या खुणा मला तेव्हाही दिसू शकल्या असत्या. स्क्रूच्या खाचांत रंग भरलेला होता, रबराच्या सीलच्या कडेवरही रंगाचे फवारे होते आणि क्रमांकाची पट्टी डिंकासारख्या कशाने तरी चिकटवलेली होती. सुटे न करता रंगवलेल्या यंत्राची मोटर कोणी मनापासून उघडली असेल, असे मला आता वाटत नाही. रंग आणि पॉलिश हे या धंद्यातले सर्वांत स्वस्त काम आहे.

हा धंदाही आजचा नाही. रीबिल्ट इलेक्ट्रोलक्स स्वस्तात देतो अशी जाहिरात करून प्रत्यक्षात गिऱ्हाइकाच्या गळ्यात दुसरेच महाग यंत्र मारण्याच्या प्रकारावर न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने १९५९ साली इलेक्ट्रोलक्स कंपनीच्या बाजूने निकाल दिला होता. माझ्या बाबतीत यंत्र तेच मिळाले, फक्त ‘रीबिल्ट’ या शब्दामागे काही नव्हते.

असे यंत्र घ्यायचे असेल तर विक्रेत्याला मोटर समोर उघडायला सांगावे आणि काढलेले जुने बेअरिंग व कार्बन मागावेत. ज्याने खरोखर काम केले आहे त्याच्याकडे निदान कामाचे फोटो तरी असतात. यंत्र दहा मिनिटे सलग चालवून पाहावे, बंद केल्यावर मोटर कशी थांबते ते कान देऊन ऐकावे. झटकन किंवा खरखरत थांबली तर बेअरिंग संपले आहे. ज्यांनी आधीच घेतले आहे, त्यांनी वायर शेवटपर्यंत तपासल्याशिवाय ते वापरू नये, विशेषतः घरात लहान मुले असतील तर.

विक्रेत्याने पहिल्या फोननंतर उत्तर देणे बंद केले. काकांनी कम्युटेटर लेथवर साफ करून फटी मोकळ्या केल्या, आम्ही नवे बेअरिंग, मापाचे कार्बन आणि नवी वायर बसवली. त्याला आणखी ८५ डॉलर लागले.