परदेशात नियंत्रित औषध बाळगताना : एका सल्लासेवेचा अनुभव

चिंताविकारासाठी मी काही वर्षांपासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली क्लोनाझेपाम घेते. नोकरीनिमित्त परदेशी राहू लागल्यावर कायद्याने खरेदी-वापरावर बंधने असलेले, म्हणजे नियंत्रित, असे हे औषध तेथे रीतसर मिळवायचे कसे आणि प्रवासात जवळ बाळगायचे कसे, हे दोन्ही प्रश्न एकदमच उभे राहिले. म्हणून मी एका औषधदुकानाची सशुल्क सल्लासेवा घेतली.

सेवेतील फार्मासिस्टने सुरुवातीलाच जे समजावले, ते मला सर्वाधिक मोलाचे वाटते. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम आणि डायझेपाम ही औषधे सायकोट्रॉपिक (मनावर परिणाम करणाऱ्या) द्रव्यांविषयीच्या 1971 च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या अनुसूचीत येतात. प्रवाशाला स्वतःच्या वापरापुरते थोडे औषध नेऊ देण्याची मुभा हा करार सदस्य देशांना देतो, मात्र ते औषध कायदेशीर मार्गाने मिळाले आहे याची खात्री करून घेण्याचा हक्कही त्याच देशांकडे राहतो. त्यामुळे एका देशात साधे प्रिस्क्रिप्शन पुरते, तर दुसऱ्या देशात आगाऊ परवानगी लागते. शेंगेन क्षेत्रात (आपसांत सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात) राहणाऱ्याला त्या क्षेत्रातच फिरायचे असेल, तर 30 दिवसांच्या मुदतीचे ठरावीक प्रमाणपत्र असते, हेही मला तेव्हाच कळले.

डॉक्टरांच्या पत्राचा मसुदा त्यांनी अतिशय काळजीपूर्वक करून दिला. त्यात पासपोर्टवर आहे तसेच नाव, निदान, गोळीची मात्रा, रोजचे प्रमाण, एकूण गोळ्या आणि प्रवासाच्या तारखा होत्या. औषधाचे जेनेरिक (कंपनीचे नव्हे, तर मूळ द्रव्याचे) नाव ठळक लिहिलेले होते, कारण अमेरिकेत क्लोनोपिन आणि इतर अनेक देशांत रिव्होट्रिल या नावाने विकली जाणारी गोळी एकच आहे, हे तपासणी अधिकाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही. गोळ्या मूळ वेष्टनातच आणि केबिन बॅगेतच ठेवा, पोस्टाने मागवू नका, हेही त्यांनी बजावले.

उणीव निघाली ती वाटेतल्या थांब्याची. माझी दोन तिकिटे वेगवेगळी असल्याने संयुक्त अरब अमिरातीत सामान ताब्यात घेऊन मला पुन्हा चेक-इन करायचे होते, म्हणजे त्या देशात प्रवेश करून कस्टम्स ओलांडणे आलेच. तेथे अशा औषधांसाठी सरकारची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते. सल्लागाराने मात्र फक्त अंतिम देशाचे नियम पाहिले होते. मी स्वतः शोधाशोध केली म्हणून अर्ज वेळेत गेला. पैसे घेऊन दिलेल्या सल्ल्यात ही चूक मला गंभीर वाटते.

नव्या देशात औषध मिळवण्याच्या बाबतीतही अनुभव संमिश्र आहे. परदेशी प्रिस्क्रिप्शनवर तेथील दुकान गोळ्या देणार नाही, तेथील डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासून लिहून द्यावे लागेल, हे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि जुने वैद्यकीय कागद आधीच पाठवून दिले, त्यामुळे नव्या डॉक्टरांना सगळे पहिल्यापासून सांगावे लागले नाही. पण भेटीची तारीख त्यांनी जवळच्या गोळ्या संपल्यानंतरची घेतली होती. नियमित घेतलेले हे औषध अचानक थांबले तर फेफऱ्यासारखे झटके येण्यापर्यंत धोका असतो आणि ते कमी करायचे झाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच करावे लागते, ही गोष्ट फार्मासिस्टला सांगावी लागू नये. मी आग्रह धरल्यावर तारीख अलीकडे आणली गेली.

पत्र आणि कागदपत्रे यांसाठी ही सेवा मी पुन्हा घेईन. मात्र पुढच्या वेळी पहिल्याच भेटीत संपूर्ण तिकीट त्यांच्यापुढे ठेवीन, शिल्लक गोळ्या मोजून सांगीन आणि डॉक्टरांच्या भेटीची तारीख लेखी निश्चित झाल्याशिवाय शुल्क भरणार नाही.