आरोग्यविषयक इंग्रजी उच्चार: स्पॅनिशभाषकांसाठीच्या एका ध्वनिपाठसंचाचा वापरानंतरचा अनुभव

ह्यूस्टनमध्ये घरोघरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या मेक्सिकन आणि होंडुरन स्त्रियांना मी इंग्रजी शिकवते. त्यासाठी स्पॅनिशभाषकांकरिता तयार केलेला, आरोग्याच्या शब्दांवर बेतलेला एक ध्वनिपाठसंच मी गेले अनेक महिने वापरत आहे. संच उपयुक्त आहे. मात्र त्यातील पाठांचा क्रम मला पटलेला नाही.

सुरुवातीचे पाठ सुट्या ध्वनींचे आहेत. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच असल्यामुळे ‘पिल’ आणि ‘पील’ एकसारखेच उच्चारले जातात, शब्दारंभी ‘स्ट’ येत नसल्यामुळे ‘स्टमक’चे ‘एस्टमक’ होते आणि बहुतेक बोलींत ‘श’ नसल्यामुळे ‘रॅश’चे ‘रॅच’ होते. शब्दांच्या जोड्या ऐकवून आधी फरक ओळखायला लावायचा आणि मगच बोलायला लावायचे, ही येथील पद्धत उत्तम आहे. ‘पिल्स’मधला ‘प’ किंचित हकारयुक्त न झाल्यास अमेरिकन कानाला ‘बिल्स’ ऐकू येऊ शकते, हेही नीट दाखवले आहे. आपला मराठी ‘प’ही स्पॅनिशसारखाच हकाररहित असल्यामुळे या पाठात मी स्वतः उच्चारून न दाखवता ध्वनिमुद्रणावरच विसंबते.

खरी अडचण मात्र आघाताची, म्हणजे शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा याची आहे आणि तिला संचात शेवटी, तोही एकच पाठ दिला आहे. दोन्ही भाषांत सारखे दिसणारे शब्द सोपे वाटतात आणि तेच नडतात. ‘हॉस्पिटल’ आणि ‘डॉक्टर’ यांचा आघात स्पॅनिशमध्ये शेवटच्या अक्षरावर असतो, इंग्रजीत पहिल्या. ‘अ‍ॅलर्जी’त तो इंग्रजीत पहिल्या अक्षरावर, तर स्पॅनिश ‘आलेर्हिया’त मधल्या अक्षरावर पडतो. शिवाय इंग्रजीत आघात नसलेले स्वर पुसट होतात, स्पॅनिशमध्ये ते ठसठशीतच राहतात, त्यामुळे आधीच कमी ऐकू येणारा रुग्ण हमखास गोंधळतो. म्हणून हा पाठ मी आता सर्वांत आधी घेते.

‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांचा सराव संचात आहे, पण तो पुरेसा नाही. औषधाची मात्रा तोंडी सांगताना आकडे सुटे करून, म्हणजे ‘फिफ्टीन, वन-फाइव्ह’ असे म्हणण्याची शिफारस अमेरिकेतील रुग्णसुरक्षेच्या मार्गदर्शक सूचनांत केलेली आहे. तिचा उल्लेखही संचात नसणे मला अक्षम्य वाटते. फोनवरून परिचारिकेला मात्रा कळवणाऱ्या स्त्रियांकडून मी ते वेगळे घोकून घेते.