कॅम्पस इन्क्युबेटरमध्ये ११ महिने, जागतिक कार्यक्रमात ७ आठवडे

आमच्या संस्थेच्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या उद्योगांना जागा आणि मदत देणाऱ्या केंद्रात, मी आणि माझी को-फाउंडर ११ महिने होतो. शेवटच्या दोन महिन्यांत, तिथल्याच टेबलावर बसून, आम्ही स्टार्टअप्समध्ये गुंतवणूक करून त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या अमेरिकेतल्या वाय कॉम्बिनेटरची मोफत ऑनलाइन स्टार्टअप स्कूल केली. पुढे ठरावीक मुदतीत स्टार्टअप्सना वेग देणाऱ्या आणखी एका आंतरराष्ट्रीय अ‍ॅक्सिलरेटरला अर्ज केला आणि मुलाखतीपर्यंत पोचलो. ज्युनियर मुलं रोज विचारतात, ‘ताई, कॅम्पसचा इन्क्युबेटर की जागतिक कार्यक्रम, काय करू?’ प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच सविस्तर लिहिते.

आधी आम्ही काय बनवतो ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रयोगशाळेतल्या रसायनांच्या बाटल्यांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर. मी रसायनशास्त्राची, ती कॉम्प्युटरची. डायइथाइल ईथरसारखं द्रावक उघडून ठेवलं की हवेशी संपर्क येऊन त्यात हळूहळू पेरॉक्साइड तयार होतात आणि जुनी बाटली स्फोटक होऊ शकते. म्हणून बाटली कधी उघडली ती तारीख लिहून ठेवायची असते. ती पेनाने लेबलवर लिहितात आणि हाताळून हाताळून पुसली जाते. आमच्या बाटलीवर क्यूआर कोड असतो, तारीख सॉफ्टवेअर लक्षात ठेवतं.

इन्क्युबेटरने आम्हाला जे दिलं ते मी कमी लेखणार नाही. दोघींना टेबल, इंटरनेट, बैठकीची खोली आणि १४ मेंटॉरची यादी मिळाली. एका वकील मॅडमनी दोन तास बसून भागीदारीचा करार समजावून सांगितला, ‘तुमच्यातली एक जण सोडून गेली तर तिच्या शेअर्सचं काय?’ हा प्रश्न आमच्या तोंडून वदवून घेतला आणि शेअर्स चार वर्षांत हळूहळू मिळतील असं कलम घालायला लावलं. त्या दोन तासांसाठी मी आजही कृतज्ञ आहे. शिवाय विभागाची प्रयोगशाळा आणि फ्यूम हूड (घातक वाफा ओढून घेणारं कपाट) वापरायची परवानगी होती. कोणते लेबल सॉल्व्हंटने विरघळतात आणि कोणते टिकतात हे आम्ही तिथेच तपासलं. व्हिडिओ लेक्चर बघून हे काम झालं नसतं.

पण दर महिन्याला आमच्याकडून एक फॉर्म भरून घेत. किती कार्यक्रमांना हजेरी लावली? किती स्पर्धांमध्ये पिच केलं, म्हणजे परीक्षकांपुढे कल्पना मांडली? बक्षीस? वर्तमानपत्रात बातमी? फोटो जोडा. आम्ही ११ महिन्यांत पाच स्पर्धा केल्या, दोन जिंकल्या आणि फॉर्म अभिमानाने भरले. सॉफ्टवेअर प्रत्यक्ष किती प्रयोगशाळा वापरतात हा रकाना त्या फॉर्मवर नव्हता. खरा आकडा होता दोन, आणि दोन्ही आमच्याच विभागातल्या. त्यातली एक माझ्या गाइड सरांची. सर वापरत होते ते माझ्यावरच्या मायेपोटी.

ही माया फार मोलाची असते, पण धंद्याच्या बाबतीत तीच दिशाभूल करते. कॅम्पसवरचे मेंटॉर आपल्याला पहिल्या वर्षापासून ओळखतात. आपण हुशार आहोत हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं, आपलं मन मोडावंसं त्यांना वाटत नाही. ‘कल्पना छान आहे, चालू ठेवा’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते खरं वाटायला लागलं.

वेळेचंही तसंच. परीक्षा आली की सगळं थांबायचं, सुट्टी लागली की सह्या करणारं कोणी नसायचं. समिती तीन महिन्यांतून एकदा बसायची. साध्या लेबल प्रिंटरच्या मंजुरीला सात आठवडे लागले. योगायोग असा की पुढे तेवढ्याच सात आठवड्यांत आम्ही स्टार्टअप स्कूल पुरी केली.

स्टार्टअप स्कूलला पैसे लागत नाहीत, कंपनीतला हिस्सा द्यावा लागत नाही, कोणी निवड करत नाही. व्हिडिओ सगळ्यांना खुले आहेत. आमच्यासाठी त्यातली सर्वांत कामाची गोष्ट निघाली ती आठवड्याची नोंद. या आठवड्यात किती युजर्सशी बोललात? तुमचा मुख्य आकडा कोणता आणि तो किती झाला? सर्वांत मोठा अडथळा काय? पुढच्या आठवड्यात काय करणार? अगदी मनाची उभारी १ ते १० मध्ये किती, हेसुद्धा.

पहिल्या आठवड्यात पहिल्या प्रश्नापुढे आम्ही शून्य लिहिलं. नऊ महिने काम करून शून्य. माझी को-फाउंडर बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली, मग म्हणाली, ‘चल, उठ.’ आम्ही दुसऱ्या विभागातल्या लॅब असिस्टंट बाईंकडे गेलो. आम्ही त्यांना डॅशबोर्ड दाखवला, आलेख दाखवले. त्यांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, ‘मला हे नको. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कोणत्या बाटल्या काढून टाकायच्या, तेवढी यादी छापून दे.’ तीन महिने खपून केलेले आलेख आम्ही त्या रात्री काढून टाकले आणि यादीचं बटण केलं. सात आठवड्यांत ३१ जणांशी बोललो. शेवटी नऊ प्रयोगशाळा वापरत होत्या, त्यातल्या सात जणांशी आमची आधी कसलीही ओळख नव्हती.

म्हणाल, हे प्रश्न कॅम्पसवरही विचारता आले असते. आले असते. पण विचारले गेले नाहीत, आणि त्याचं कारण मला या संस्थांच्या जन्मात दिसतं. बिझनेस इन्क्युबेटर ही कल्पना १९५९ साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या बटाविया गावात सुरू झाली. तिथला मोठा कारखाना बंद पडला होता. जोसेफ मँक्युसो यांनी ती अवाढव्य इमारत तुकड्यातुकड्यांनी लहान उद्योगांना भाड्याने दिली. भाडेकरूंमध्ये एक कोंबड्यांची पिल्लं उबवणारी कंपनीही होती, त्यावरूनच ‘इन्क्युबेटर’ हा शब्द चिकटला. म्हणजे मुळात ही इमारत भरण्याची गोष्ट. आजही कॅम्पस इन्क्युबेटरचा अहवाल वाचला तर किती चौरस फूट, किती टेबलं, किती स्टार्टअप्स आत आहेत हेच आधी येतं. आत कधीपर्यंत राहायचं याला अनेकदा पक्की तारीख नसते.

अ‍ॅक्सिलरेटर मात्र तारखांवर उभा राहिला. वाय कॉम्बिनेटरची पहिली बॅच २००५ च्या उन्हाळ्यात झाली आणि ती सुरू झाली तीच विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे ठेवून, त्यांच्या उन्हाळी सुट्टीत. आठ टीम होत्या. त्यातली एक व्हर्जिनिया विद्यापीठातून आलेल्या दोन मित्रांची, स्टीव्ह हफमन आणि अलेक्सिस ओहेनियन यांची. फोनवरून जेवण मागवण्याची त्यांची मूळ कल्पना नाकारली गेली होती. मग त्यांना परत बोलावून वेगळी कल्पना घ्यायला सांगितलं, आणि त्यातून रेडिट तयार झालं. मला या गोष्टीतला नकार महत्त्वाचा वाटतो. ‘तुम्ही चांगले आहात, पण ही कल्पना नको’ असं सांगणारं माणूस आम्हाला ११ महिन्यांत भेटलं नव्हतं. सगळे एकाच दिवशी सुरू करतात, काही आठवड्यांनी डेमो डे, म्हणजे गुंतवणूकदारांपुढे काम दाखवायचा दिवस असतो, आणि तो कोणासाठी पुढे ढकलला जात नाही. विद्यार्थ्याला अशी तारीख फार मानवते. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण काय करू शकतो हे आपल्याला माहीतच असतं.

वाय कॉम्बिनेटरच्या अर्जात कंपनी काय करते हे ५० अक्षरांत लिहायचं असतं. अर्ज पाठवायचा नसला तरी तो उघडून ही ओळ लिहून बघाच. आमच्या पिचमध्ये ‘कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित समग्र प्रयोगशाळा व्यवस्थापन मंच’ असं होतं, आणि या वाक्यावर आम्हाला बक्षीस मिळालं होतं. अर्जासाठी ते ‘जुनी रसायनं वेळेवर काढून टाकणारी यादी’ असं झालं. ही दुसरी ओळ ऐकून लॅबमधले लोक मान डोलावतात.

आता दुसऱ्या कार्यक्रमाच्या मुलाखतीबद्दल. त्याचं नाव देत नाही. व्हिडिओ कॉलवर दोन जणी होत्या, वेळ अगदी थोडा. पहिला प्रश्न, ‘नऊपैकी पैसे किती जण देतात?’ एकही नाही. ‘मागितले का?’ नाही. ‘का नाही?’ याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. नकार आला, पण सोबत चार ओळींचं कारण आलं. वापर खरा आहे, विकत घेण्याचा निर्णय कोण घेतं हे तुम्हाला अजून ठाऊक नाही, ते शोधा. आम्ही शोधलं. लॅब असिस्टंट वापरते, पण पैशांची सही सुरक्षा अधिकाऱ्याची असते. आज चार प्रयोगशाळा पैसे देतात.

याच काळात ओळख झालेल्या तीन टीमसोबत आम्ही दर आठवड्याला कॉलवर बसायला लागलो. तीन वेगवेगळ्या देशांतल्या, त्यामुळे कोणाला तरी पहाटे उठावं लागायचंच. कॅम्पसवर शेजारच्या टेबलावरच्या मुलांशी आमची मैत्री होती, पण आम्ही सगळे एकाच निधीसाठी एकाच समितीपुढे उभे राहणार होतो. या तिघांशी तशी स्पर्धा नव्हती. त्यामुळे आकडे उघडे करता आले. कोणाचे ग्राहक गळाले, कोणाचा को-फाउंडर सोडून गेला, हे मोकळेपणाने बोलता आलं.

पैशांबद्दल मात्र डोळे उघडे ठेवून जा. वाय कॉम्बिनेटर २०२२ पासून निवडलेल्या कंपनीला ५ लाख डॉलर देतं, आणि सगळे ‘७ टक्क्यांना ५ लाख’ असं म्हणतात. ते तसं नाही. ७ टक्के आहेत ते १ लाख २५ हजार डॉलरसाठी. उरलेले ३ लाख ७५ हजार वेगळ्या ‘सेफ’ करारावर (पैसे आज, हिस्सा किती ते पुढच्या गुंतवणुकीच्या वेळी) असतात, ज्यावर कंपनीच्या मूल्यांकनाची मर्यादा लिहिलेली नसते. पुढच्या कुठल्याही गुंतवणूकदाराला तुम्ही जी सर्वांत चांगली अट द्याल तीच त्यांनाही लागू होते. म्हणजे शेवटी ७ पेक्षा जास्त हिस्सा जाणार, किती ते नंतर कळणार. हिस्सा न घेणारेही मार्ग आहेत. बोस्टनमधून सुरू झालेलं मासचॅलेंज हिस्सा घेत नाही. थील फेलोशिपही घेत नाही, पण तिची किंमत वेगळी आहे. पदवी बाजूला ठेवावी लागते. २०११ च्या पहिल्या तुकडीत प्रत्येकाला दोन वर्षांसाठी १ लाख डॉलर होते. पुढे फिग्माचा डिलन फील्ड, इथेरियमचा विटालिक बुटेरिन, ओयोचा रितेश अग्रवाल हे त्यातून गेले. ही नावं ऐकून शिक्षण सोडायचा निर्णय कोणी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्यांच्याकडे सोडण्याआधीच लोक वापरतील असं काहीतरी हातात होतं का, ते आधी वाचा. वाय कॉम्बिनेटरने आता शिकत असतानाच अर्ज करून पदवीनंतर बॅचमध्ये यायची सोय केली आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना माझ्या मते तो रस्ता जास्त शहाणपणाचा.

आणि तुमचं काम यंत्राचं, औषधाचं, पेशींचं असेल तर कॅम्पस सोडू नका. महागडं उपकरण, ते चालवणारी जाणकार माणसं आणि विल्हेवाटीची सोय कुठलाही ऑनलाइन कार्यक्रम देऊ शकत नाही. तीन महिन्यांची बॅच अशा कामाला पुरतही नाही.

फक्त सही करायच्या आधी बौद्धिक संपदेचं कलम दोनदा वाचा. विद्यापीठांचे नियम टोकाचे वेगळे असतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात शोध लावणाऱ्याचीच मालकी असते, तर कित्येक ठिकाणी संस्थेची साधनं लक्षणीय प्रमाणात वापरली की संस्था हक्क सांगते. आमच्या करारात ‘संस्थेची कोणतीही सुविधा वापरून’ असे शब्द होते. कोड आमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेला, पण वायफाय संस्थेचं. मुलाखतीत मालकीबद्दल विचारलं तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता. नंतर त्याच वकील मॅडमच्या मदतीने आम्ही पत्र देऊन ते कलम बदलून घेतलं. ‘कोणतीही सुविधा’च्या जागी ‘प्रयोगशाळेतली उपकरणं’ आलं, आणि सॉफ्टवेअर त्यातून स्पष्टपणे वगळलं. त्याला पाच आठवडे लागले. पहिल्या दिवशी मागितलं असतं तर बहुधा पाच मिनिटांत झालं असतं.

टेबलाची किल्ली आम्ही गेल्या महिन्यात परत केली. फ्यूम हूडची परवानगी ठेवली आहे, गुरुवारी दुपारी दोन तास. नव्या लेबलची चाचणी अजून तिथेच चालते. स्टार्टअप स्कूलची ती आठवड्याची नोंद आम्ही अजून भरतो. या आठवड्यात सहा जणांशी बोललो.